वालची चावी

पंजाब, ही चावी घे.
तीन फुटाची हाय, वजनदार, तुले काही जड नाही.
अठरा वर्सं मीच फिरवली.
अठरा वर्सं तू बी फिरलाच की,
नाव पंजाब अन् नोकरी लेहात,
तिकडून गावचा बिल्ला गळ्यात घालून आला
पाणीपुरवठा कर्मचारी, ग्रामपंचायत सावरखेड.
मानधनाचा आकडा सचिवानं सांगतला असन.
हासू नको त्याले. मी त्याच्यावर दोन पोरी उजवल्या.

पहिल्या दिवशी पहाटे तू टाकीखाली उभा,
दाढी घोटेल, बूट चमकेल.
वहीत लिवलं: शून्य पाच शून्य शून्य, वाल एक, उघडला.
मी म्हटलं, उघडला खरा, पाणी कुठी हाय?
तू चावी आणखी पिळली.

अशी पिळू नको, लेका, आटे जातात.
रातभर पाइप रिकामा राह्यला का त्यात हवा भरते.
नळ आधी खोकलते,
फसफस करते, लाल थुकते,
बाया शिव्या देतात. आजवर मले देत होत्या.
देऊ दे.
आधी हवा जाऊ दे.

तू नकाशा मागतला.
नकाशा नाही, बाप्पा. कंत्राटदार घेऊन गेला, का नव्हताच.
पाराच्या उगवतीकडे चार पावलं, तठी जोड हाय.
शाळेच्या मोरीपाशी गळते,
मे महिन्यात बी तठची कण्हेर हिरवी दिसते,
तेच पाह्याचं, तेच खोदाचं.
वरच्या आळीत पाणी शेवटी चढते.
कोकिळाबाई हंडा आपटते तिचं चूक नाही,
तू तिले ‘लाइनमध्ये उभे राहा’ म्हणलं ते चूक.
सरपंचाचा पोरगा फोन करन, वीस मिनिटं जास्त सोडा.
त्याले सलाम ठोकू नको, त्याच्यावर धावू बी नको.
अठी हुकूम चालत नाही.
अठी उतार चालते.

मोटरचं स्टार्टर उडालं त्या दिवशीचं
मी कोणाले सांगतलं नाही.
खट्ट झालं, अन् मी खाली, तू माह्या अंगावर,
तुहा हात माह्या टकलावर, घट्ट,
जसं कोणी अंड झाकावं.
किती वेळ, तुले ठाऊक नसन.
मोटर बंद होती. पारवे परत येऊन बसले.
तू दबक्या आवाजात कोण्या थापाले हाक मारत होता.
चष्म्याची काच गेली. घरी म्हटलं,
शेवाळावरून घसरलो.
सून म्हणे, या वयात टाकीवर जाताच काहून.

तुही वंदना आलती घरी.
पदराचं टोक बोटाले गुंडाळत म्हणे, काका,
हे झोपत नाहीत, छतावर बसून राह्यतात,
दिवे मोजतात गावातले.
मी काय सांगू तिले? माहं शिक्षण सातवी.
म्हणून पहाटचा वाल तुले देल्ला.
झोपणारं माणूस त्या कामाले चालतच नाही.
आता कोणी इचारलं, हवालदार रात्री काहून जागते,
तर म्हणाचं, पाण्यासाठी.

काल तुही वही चाळली.
पानापानावर वेळ, वाल, मिनिटं,
इंचपट्टीनं आखेल रकाने.
सोमवारी लिवलं: लाइन नव्हती. थांबलो.
गुरवारी: कोकिळाबाईनं चहा देल्ला, साखर जास्त.
हे कोण्या रकान्यात बसते ते मले समजलं नाही,
तुले बी समजलं नसन, अर्धं वाक्य समासात गेलं हाय.

बरं.
उद्या टाकी धुवाची हाय.
ब्लीचिंग पंचायतीतून आण, सही करून.
खराटा मी आणतो.
अन् बूट घरीच ठेव,
आत अनवाणी उतरा लागते.